हवेवर तरंगणाऱ्या नौकांचा कारखाना

डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, मॉडेलं जमवणाऱ्यांत मोटारवाले पुष्कळ, विमानवाले त्याहून कमी आणि हॉवरक्राफ्टवाले अगदी थोडे. कारण सरळ आहे: जमवायला फारसं काही नाहीच. कॉर्गीचं एक, डिंकीचं एक, मॅचबॉक्सची दोन, एवढ्यावर साठ-सत्तरच्या दशकांतल्या नामांकित ब्रिटिश कंपन्यांची यादी जवळजवळ संपते. पण यांतली जी मॉडेलं खरीखुरी नौका समोर ठेवून केली आहेत, त्या सगळ्या नौका एकाच कारखान्यातून उतरल्या. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. त्या बेटावर काउझ गावी हा कारखाना होता, नाव सॉन्डर्स-रो. माझ्या कपाटात ही मॉडेलं सालवार मांडलेली आहेत, आणि पाहणाऱ्याला मी आधी त्यांचा तळ बघायला सांगतो. नौकेच्या कडेने खाली लोंबणारी रबरी झालर, म्हणजे स्कर्ट, तिथे आहे की नाही, यावरून कारखान्याची वाटचाल कुठवर आली होती ते कळतं.

कारखाना मुळात बोटींचा. थेम्सकाठी बोटी बांधणाऱ्या घराण्यातला सॅम सॉन्डर्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काउझला आला. लाकडाचे पातळ थर एकावर एक ठेवून ते तांब्याच्या तारेने शिवायचे आणि त्यातून हलकी, वेगवान बोट उभी करायची, ही त्याची खासियत. पुढे पाण्यावर उतरणारी विमानं आली आणि त्यांचे सांगाडे बांधायला याच्यासारखा कारागीर दुसरा नव्हता. १९२९च्या सुमारास अव्रो विमान-कंपनीचे संस्थापक ए. व्ही. रो यांनी कंपनीत भांडवल घातलं आणि जोडनाव पक्कं झालं. एकाच छपराखाली बोटवाले आणि विमानवाले जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसतात, असं हे ठिकाण. १९५२मध्ये इथूनच ‘प्रिन्सेस’ नावाचं अवाढव्य जलविमान उडालं. त्याला १० इंजिनं होती, पंखांचा विस्तार २१९ फूट. अशी तीन बांधली, त्यांतलं एकच आकाशात गेलं आणि गिऱ्हाईक एकाही विमानाला मिळालं नाही. १९५७मध्ये सरकारने संरक्षणखर्चाला कात्री लावली, तेव्हा या कंपनीचं लढाऊ विमानाचं कामही गेलं. उत्तम हात होते, हत्यारं होती, समुद्रात उतरायला उताराचा धक्का होता. काम मात्र आटत चाललं होतं.

नवं काम ज्याने आणलं तो माणूस मुळात बोटवालाही नव्हता आणि विमानवालाही नव्हता. ख्रिस्तोफर कॉकरेल केंब्रिजला शिकलेले इंजिनिअर. १९३५ ते १९५१ ही वर्षं त्यांनी मार्कोनी कंपनीत रेडिओ आणि रडारच्या कामात घालवली. मग नोकरी सोडून नॉर्फोकच्या तळ्यांवर त्यांनी बोटींचा छोटासा धंदा मांडला. बोटीचा निम्मा जोर पाणी कापण्यात वाया जातो, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. बोट आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा थर घालता आला तर? नुसती खाली हवा फुंकून भागत नाही, ती चारी बाजूंनी निसटते आणि नौका उचलायला प्रचंड शक्ती लागते. १९५५मध्ये त्यांनी मांजराच्या खाद्याचा रिकामा डबा घेतला, तो कॉफीच्या मोठ्या डब्याच्या आत बसवला आणि दोन्ही डब्यांमधल्या गोल फटीतून मोटरच्या साहाय्याने हवा खाली सोडली. खाली होता स्वयंपाकघरातला तराजू. एकाच डब्यातून सोडलेली हवा तराजूवर जितका दाब देत होती, त्यापेक्षा फटीतून कडेकडेने सोडलेली तितकीच हवा कितीतरी जास्त दाब देऊ लागली.

या प्रयोगाचं मला फार अप्रूप वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कडेच्या फटीतून निघणारी हवा आतल्या बाजूला कलती ठेवली की तिची एक भिंत तयार होते. त्या भिंतीच्या आत अडकलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि तीच नौकेला उचलून धरते. म्हणजे सगळी शक्ती वजन उचलण्यात जात नाही, बरीचशी फक्त कुंपण टिकवण्यात जाते, आणि कुंपणाला शक्ती थोडी लागते. डबे, मोटर आणि तराजू एवढ्या सामानावर माणसाने वाहतुकीचा एक नवा प्रकार सिद्ध करून दाखवला.

१२ डिसेंबर १९५५ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यानंतरची हकिगत कॉकरेल स्वतःच सांगत असत. नौदल म्हणालं, हे विमान आहे. हवाई दल म्हणालं, ही बोट आहे. लष्कराला दोन्हींत रस नव्हता. तरीही कल्पना सरकारी गुपितांच्या यादीत जाऊन बसली, त्यामुळे खासगी उद्योजकांकडे जाण्याची वाटही बंद झाली. अखेर नवे शोध बाजारात आणण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने १९५८मध्ये हात पुढे केला. सॉन्डर्स-रोला काम मिळालं आणि जानेवारी १९५९मध्ये हॉवरक्राफ्ट डेव्हलपमेंट लिमिटेड, म्हणजे एचडीएल, ही कंपनी उभी राहिली.

काउझच्या माणसांनी नौका काही महिन्यांत तयार केली. नाव ठेवलं एसआरएन-१, सॉन्डर्स-रो नॉटिकलची पहिली. मध्यभागी उभं नळकांडं, त्यात विमानाचं अ‍ॅल्व्हिस लिओनाइड्स इंजिन आणि पंखा, भोवती लंबगोल तबक. ११ जून १९५९ला ती पत्रकारांसमोर धावली. २५ जुलैला, लुई ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली त्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, एसआरएन-१ फ्रान्सच्या कॅलेहून निघून डोव्हरला पोहोचली. दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. चालक होते कॅप्टन पीटर लॅम्ब, सोबत इंजिनिअर जॉन चॅप्लिन. आणि स्वतः कॉकरेल उघड्या तबकावर उभे. नौकेचा तोल सांभाळायला वजन इकडून तिकडे हलवावं लागे आणि ते वजन म्हणजे शोधक स्वतः! आपल्या शोधावर याहून जास्त भरवसा कुणी दाखवला असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९६०मध्ये, कॉर्गीने आपल्या मोठ्या मॉडेलांच्या मालिकेत क्रमांक १११९ म्हणून हे यान आणलं. खोक्यावर नाव ‘एचडीएल हॉवरक्राफ्ट एसआर-एन१’. खेळण्याच्या खोक्यावर संशोधन कंपनीचं नाव छापलं जावं, यातूनच त्या उन्हाळ्यातला उत्साह कळतो. निळी-करडी अंगकाठी, चालकाची पारदर्शक कोठी, मधलं जाडजूड नळकांडं. हे मॉडेल हातात घेऊन आडवं धरलं की तळाची कड सरळ, नागडी दिसते. स्कर्ट नाही. खरी नौकाही तेव्हा तशीच होती. जमिनीपासून जेमतेम नऊएक इंच उचलली जायची, त्यामुळे लाट थोडी वाढली की अडचण.

स्कर्टची कल्पना सेसिल लॅटिमर-नीडहॅम या विमान-अभियंत्याची. हवेच्या भिंतीला खाली लवचिक पडदा जोडायचा. नौकेचं कठीण शरीर लाटेपासून उंच राहतं आणि लाट आली की पडदा वाकून जातो. सॉन्डर्स-रो तोवर वेस्टलँड या विमान-कंपनीच्या ताब्यात गेली होती. वेस्टलँडने या कल्पनेच्या पेटंटचे हक्क घेतले आणि एसआरएन-१लाच स्कर्ट चढवून चाचण्या घेतल्या. सुरुवातीचे पडदे काही तासांत फाटायचे. मग रबर चढवलेलं नायलॉन आलं, मग खालच्या टोकाला सुटी ‘बोटं’ लावण्याची पद्धत आली. एक बोट झिजलं तर तेवढंच काढून दुसरं बसवायचं. हॉवरक्राफ्टच्या इतिहासात इंजिनांचं कौतुक फार होतं, मला मात्र या बोटांचं श्रेय मोठं वाटतं. ती नसती तर हे यान तळ्यातच राहिलं असतं. आपलं कॉर्गीचं मॉडेल दुकानात विकलं जात असतानाच काउझला त्याचं मूळ रूप जुनं होत होतं.

एसआरएन-२, ३ आणि ५ या पायऱ्या होत्या. फळाला आली ती एसआरएन-६, १९६५मध्ये. एसआरएन-५ लांबवून केलेली, ४८ फुटांची, ३८ प्रवाशांची. रोल्स-रॉइसचं एकच नोम टर्बाइन उचलणारा पंखाही फिरवायचं आणि मागचा ढकलणारा प्रॉपेलरही. हॉवरट्रॅव्हल कंपनीने त्याच उन्हाळ्यात पोर्ट्स्मथच्या साउथसी किनाऱ्यावरून बेटावरच्या राइडला सेवा सुरू केली. राइडची जागा हॉवरक्राफ्टसाठीच घडवल्यासारखी. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की बोटीसाठी जवळपास अर्धा मैल लांबीचा धक्का बांधावा लागला होता. हॉवरक्राफ्ट मात्र वाळूवरून सरळ गावाच्या कडेला येऊन थांबायचं. दहा मिनिटांत पलीकडे. १९६८मध्ये याच जातीची नौका अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून ओरिनोकोपर्यंत गेली आणि १९६९मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नद्या आणि माळरानं तुडवत डकारहून काँगोकडे.

डिंकीने १९७०मध्ये एसआरएन-६ काढली, क्रमांक २९०. लाल अंग आणि खाली काळा फुगीर स्कर्ट. दहा वर्षांत काय बदललं ते कॉर्गीच्या शेजारी हे मॉडेल ठेवलं की एका नजरेत कळतं. १९७२मध्ये मॅचबॉक्सची आली, १-७५ मालिकेतली ७२ क्रमांकाची, सुमारे तीन इंचांची. पांढरं ओतीव अंग, निळसर खिडक्या, मागे लाल प्रॉपेलर, खाली काळा तळ. जस्ताचा वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरला की असं अंग तयार होतं. कोठीच्या छपरावरचे उंचवटे आणि मागचे दोन उभे पंख नीट बघितले तर साचा कापणाऱ्याचा हात किती नाजूक होता ते दिसतं. आता मॉडेल उलटं करा. काळ्या तळावर क्रमांक, कंपनीचं नाव लेस्नी आणि १९७२ साल उठवलेलं आहे, आणि स्कर्टच्या आत दडवलेली चार बारीक चाकं आहेत. उभं असताना ती दिसत नाहीत. फरशीवर ढकललं की हे यान जमिनीला न टेकता चालल्यासारखं पुढे जातं. ज्याने ही चाकं इतकी आत लपवली त्याला हॉवरक्राफ्ट म्हणजे काय ते पुरतं समजलं होतं. १९७६मध्ये मॅचबॉक्सने आणखी एक हॉवरक्राफ्ट काढलं, पण त्यामागे खरी नौका नाही, ते कल्पनेतलं. संग्रहात ते असावं, पण माझा जीव त्यात नाही.

१९७२चं साल चांगलंच गेलं असं नाही. मार्चमध्ये साउथसीजवळ एक एसआरएन-६ वादळी समुद्रात उलटली आणि पाच जणांचा जीव गेला. झालर कशी वागते, आत कशी दुमडली जाते, यावर त्यानंतर बराच अभ्यास झाला.

दरम्यान कारखान्याचं नाव बदललं होतं. १९६६मध्ये वेस्टलँड आणि व्हिकर्स यांची हॉवरक्राफ्टची कामं एकत्र करून ब्रिटिश हॉवरक्राफ्ट कॉर्पोरेशन स्थापन झाली. व्हिकर्सकडे जमेला एक मोठी गोष्ट होती: त्यांच्या व्हीए-३ने जुलै १९६२मध्ये वेल्समधल्या ऱ्हिलहून मर्सी नदीच्या मुखाकडे जगातली पहिली हॉवरक्राफ्ट प्रवासी सेवा चालवली होती. कॉकरेलना मात्र हे विलीनीकरण पटलं नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. ज्याच्या डोक्यातून सगळं निघालं तोच माणूस उद्योगाबाहेर गेला. त्यांना १९६९मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, पण शोधाच्या मानाने मोबदला फारच तुटपुंजा मिळाला, हे मला आजही खुपतं.

काउझने आता आपलं सर्वांत मोठं काम हाती घेतलं होतं. एसआरएन-४, चार प्रोटिअस टर्बाइनं आणि डेकवर चार प्रचंड प्रॉपेलर. राजकन्या मार्गारेट यांच्या हस्ते पहिल्या नौकेचं नामकरण झालं आणि ऑगस्ट १९६८मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या सीस्पीड सेवेत ती डोव्हर-बुलोन्य मार्गावर धावू लागली. २५४ प्रवासी आणि ३० मोटारी घेऊन ती खाडी ओलांडायची. पुढे ‘प्रिन्सेस मार्गारेट’ आणि ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ या दोन नौकांना मधून कापून लांबवलं. लांबी १८५ फूट झाली, प्रवासी ४१८, मोटारी साठाच्या आसपास. एसआरएन-४ एकूण सहा बांधल्या गेल्या. एअरफिक्सने एसआरएन-४चं १:१४४ प्रमाणाचं प्लॅस्टिकचं किट काढलं. सांधे चिकटवून ते उभं केलं की फूटभराला थोडं कमी लांबीचं मॉडेल हातात येतं. डायकास्टवाल्यांच्या शेल्फवर प्लॅस्टिकचं किट म्हणजे परकं पाखरू, तरी माझ्याकडे ते आहे, कारण या नौकेशिवाय ही रांग अपुरी राहते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मात्र नौका बांधणारे आणि नौकांची खेळणी करणारे, दोघांनाही एकदम घरघर लागली. डिंकी बनवणारा मेकानोचा लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना नोव्हेंबर १९७९मध्ये बंद झाला. मॅचबॉक्सची लेस्नी १९८२मध्ये बुडाली, कॉर्गीची मेटॉय १९८३मध्ये. त्याच सुमारास, १९८१मध्ये, सीस्पीड आणि तिची प्रतिस्पर्धी हॉवरलॉइड यांना एकत्र येऊन हॉवरस्पीड व्हावं लागलं आणि काउझच्या कारखान्याला नव्या मोठ्या नौकांची मागणीच उरली नाही. १९८५च्या सुमारास ब्रिटिश हॉवरक्राफ्ट कॉर्पोरेशनचं नावही वेस्टलँड एरोस्पेस झालं.

दोष विमानवाल्या मनाचा होता, असं माझं मत आहे. सॉन्डर्स-रोच्या माणसांनी नौका विमानासारखी बांधली: अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, हजारो रिव्हेट, गॅस टर्बाइन. म्हणूनच ती इतकी वेगवान झाली आणि म्हणूनच ती पोसायला इतकी महाग पडली. तेल महागल्यावर हा हिशेब जमेना. यातून वाट काढली ती एपी१-८८ या नौकेने, १९८३मध्ये. वेल्ड केलेलं अ‍ॅल्युमिनियम, साधी डिझेल इंजिनं. डौल कमी, पण रोजची फेरी परवडणारी.

मोठ्या नौका मात्र आणखी काही वर्षं खाडीत राहिल्या. ३० मार्च १९८५ला ‘प्रिन्सेस मार्गारेट’ वाऱ्यामुळे डोव्हरच्या बंधाऱ्यावर आदळली आणि चार प्रवासी गेले. १४ सप्टेंबर १९९५ला ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ने कॅले ते डोव्हर अंतर २२ मिनिटांत कापलं, व्यापारी सेवेतल्या हॉवरक्राफ्टचा तो विक्रम. पण १९९४मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाला होता आणि १९९९च्या उन्हाळ्यात करमुक्त मालाची विक्री बंद होऊन उत्पन्न आटलं. त्याच उन्हाळ्यात, १ जून १९९९ला, कॉकरेल गेले. १ ऑक्टोबर २००० रोजी खाडीतली शेवटची फेरी झाली.

त्या डिसेंबरात दोन्ही नौका स्वतःच्या पंख्यांवर लीऑन-द-सोलेंटच्या उतारावर चढल्या. नौदलाचा एचएमएस डीडॅलस हा जुना तळ इथे आहे. जलविमानांसाठी केलेला उतार, पुढे सैन्यदलांच्या हॉवरक्राफ्ट चाचण्यांचं ठिकाण, आणि आता हॉवरक्राफ्ट म्युझियम. एसआरएन-५, एसआरएन-६, नौदलाची बीएच-७, ‘डाय अनदर डे’ या बाँडपटातली हॉवरक्राफ्टं, असा जगातला सर्वांत मोठा संग्रह स्वयंसेवकांनी इथे जपला आहे. एवढ्या मोठ्या वस्तू जपणं सोपं नाही. इथली ‘स्विफ्ट’ ही एसआरएन-४ २००४मध्ये तोडावी लागली. २०१६मध्ये जमीनमालक असलेल्या सरकारी संस्थेने उरलेल्या दोन्ही भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा हजारो लोकांनी सह्या केल्या. ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ वाचली, ‘मार्गारेट’ २०१८मध्ये तोडली गेली. सहांपैकी आज एकच आहे. सत्तरच्या दशकातलं एअरफिक्सचं न जोडलेलं किट अजूनही विकत मिळतं आणि खरी नौका एकच उरते, हे मनाला लागतं.

प्रवाशांना नेणारी सेवा मात्र थांबलेली नाही. साउथसी-राइड मार्गावर हॉवरट्रॅव्हल आजही चालते. २०१६पासून तिथे ग्रिफन कंपनीच्या ‘सोलेंट फ्लायर’ आणि ‘आयलंड फ्लायर’ या डिझेल नौका आहेत, साउथॅम्प्टनला बांधलेल्या.

आपल्याकडेही हा धागा पोहोचला आहे. नव्वदच्या दशकात गेटवे ऑफ इंडिया ते सीबीडी बेलापूर अशी हॉवरक्राफ्ट सेवा काही काळ चालली. किनाऱ्यावरच्या सोयी अपुऱ्या पडल्याने ती बंद झाली. ठाण्याच्या खाडीतला ओहोटीचा चिखल ज्याने पाहिला आहे त्याला ते वाहन तिथे किती योग्य होतं हे सांगावं लागणार नाही. तटरक्षक दलाने मात्र हॉवरक्राफ्ट सोडलं नाही. ग्रिफनच्या ८०००टीडी जातीच्या पहिल्या सहा नौका त्यांनी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीच्या सहकार्याने घेतल्या, पुढे आणखी १२ घेतल्या. कच्छच्या दलदलीत आणि बंगालच्या उथळ पाण्यात बोट अडते, गाडी रुतते, तिथे त्या गस्त घालतात. ऑक्टोबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने गोव्याच्या चौगुले अँड कंपनीशी सहा हॉवरक्राफ्ट बांधण्याचा ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला आणि जुलै २०२५मध्ये रासई इथल्या गोदीत पहिल्या नौकेचं काम सुरू झालं. आराखडा ग्रिफनचा, हात गोव्याचे. या सहांतली पहिली पाण्यात उतरेल तेव्हा एखाद्या भारतीय खेळणी-कंपनीने तिचं डायकास्ट मॉडेल काढावं, अशी माझी मनापासून मागणी आहे. स्कर्टच्या बोटांचे पन्हळ साच्यात नीट उठवावेत, तळावर गोव्याचं नाव कोरावं आणि चाकं मॅचबॉक्ससारखीच आत लपवावीत.